मागचा टायर बदलला आणि ब्रेक बिघडला: नवशिक्यांनी काय-काय तपासायचं

वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाट लागतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मी मागचा टायर नवा घालून घेतला आणि तसाच घाटाला लागलो. गाडी 100 सीसीची, मागं ड्रम ब्रेक. दोन-तीन वळणं झाली आणि गाडी ओढेना. आधी वाटलं, चढ आहे, मागं सामान आहे, होणारच. पण दुसऱ्या गिअरमध्येही ती दमायला लागली आणि करपट वास यायला लागला. उतरून मागच्या हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात नेला तर धग लागली. ब्रेकच्या रॉडचा नट पान्यानं चार फेरे सैल केला, अर्धा तास गाडी सावलीत उभी केली आणि मग हळूहळू वर गेलो.

झालं होतं एवढंच: टायर बसवणाऱ्यानं चेन सैल दिसली म्हणून ताणून दिली होती. चांगल्या मनानं केलेलं काम. पण चेन ताणायची म्हणजे अख्खं चाक मागं सरकवायचं. चाक मागं गेलं की पेडलपासून चाकापर्यंतचं अंतर वाढतं आणि ब्रेकचा रॉड मात्र तेवढाच लांब राहतो. म्हणजे पायाखाली पेडल मोकळं असतानाही ब्रेक थोडा दाबलेलाच. तो रॉड परत सैल करायचा राहून गेला होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. टायर बदलल्यावर लगेच ब्रेकची तक्रार सुरू झाली तर लायनर (ब्रेकचा घासून झिजणारा थर) संपला, ड्रम गेला असं समजून खर्चात पडू नका. काल ब्रेक बरा होता. मध्ये फक्त चाक निघालं आणि परत बसलं. मग दोष बहुतेक वेळा बसवण्यातच असतो, आणि तो शोधायचा तर जे उघडलं गेलं त्याच वस्तूंकडं एकेक करून बघायचं. पुढचं सगळं त्याच क्रमानं लिहिलंय. मुख्यतः ड्रम ब्रेकबद्दल, कारण स्प्लेंडर, शाइन अशा रोजच्या गाड्यांना मागं तोच असतो. डिस्कवाल्यांसाठी वेगळा भाग शेवटाकडं आहे.

चाक काढताना ब्रेकचं काय-काय सुटतं

पुढच्या चाकापेक्षा मागचं चाक काढणं किचकट, कारण ब्रेक आणि चेन दोन्ही त्याच एक्सलवर, म्हणजे चाकातून आरपार जाणाऱ्या दांड्यावर, येतात. ड्रम ब्रेक असा चालतो: पायानं पेडल दाबलं की खालून जाणारा लांब रॉड पुढं ओढला जातो. रॉडचं मागचं टोक एका छोट्या दांड्यातून, म्हणजे ब्रेक आर्ममधून जातं. आर्म फिरला की आतला कॅम फिरतो, कॅम दोन्ही ब्रेक शूंना, म्हणजे अर्धगोल पट्ट्यांना, बाहेर ढकलतो आणि शूंवरचे लायनर फिरत्या ड्रमवर आतून घासतात. स्प्लेंडर किंवा शाइनच्या मागच्या ड्रमचा व्यास 130 मिमी असतो. एवढ्याशा जागेत गाडी, चालवणारा आणि मागं बसलेला, सगळ्यांचं ओझं अडवायचं असतं.

शू ज्या गोल झाकणावर बसवलेले असतात ती ब्रेक प्लेट. चाक फिरतं, ही प्लेट फिरत नाही. तिला धरून ठेवते एक लोखंडी पट्टी, जिचं एक टोक प्लेटला आणि दुसरं मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, म्हणजे स्विंगआर्मला, बोल्टनं अडकवलेलं असतं. हिला टॉर्क पट्टी म्हणतात. बऱ्याच नव्या गाडीमालकांना ती काय कामाची हे ठाऊक नसतं, आणि सगळ्यात घातक चूक नेमकी तिथंच होते.

टायर बदलताना रॉडचा नट, त्याची छोटी गोल पिन आणि स्प्रिंग सुटते, टॉर्क पट्टीचा बोल्ट निघतो, एक्सल ओढून काढला जातो, त्यावरचे बुश, म्हणजे अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या, खाली पडतात, ब्रेक प्लेट शूंसकट चाकातून बाहेर येते आणि कधी-कधी चेनचा ताण कमी-जास्त करणारे अॅडजस्टरही हलतात. काही गाड्यांत चेन आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, जागेवरच राहतं, चाक तेवढं बाजूला सरकवून काढता येतं. काहींत चेन उतरवावी लागते. पंक्चर काढताना हे सगळं रस्त्याकडेला, धुळीत, घाईत होतं. म्हणून चूक झाली तर ती या पाच-सहा ठिकाणांपैकी एका जागी सापडते.

हत्यार घेण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा

गाडी मेन स्टँडवर लावा. मेन स्टँड नसेल तर मागचं चाक उचलणारा स्टँड किंवा कुणाची तरी मदत घ्या. साइड स्टँडवर गाडी कलती करून, चाक हवेत धरून काम करू नका. गाडी अंगावर येते. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. थोड्या वेळापूर्वीच चालवली असेल तर हब आणि सायलेन्सर आधी गार होऊ द्या.

आता ब्रेकच्या बाजूला उकिडवं बसा आणि टॉर्क पट्टीची दोन्ही टोकं बघा. दोन्हीकडं बोल्ट आहे का? नट पूर्ण आवळलेला आहे का? आणि जिथं नटाच्या भोकातून स्प्लिट पिन जायला हवी तिथं ती आहे का, तिचे पाय वाकवलेले आहेत का? पिन नसेल तर नट कंपनानं हळूहळू सैल होतो. पट्टी सुटली आणि तुम्ही ब्रेक दाबला तर ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरायला लागते, रॉड तिच्याभोवती वळतो आणि चाक एका झटक्यात जाम होतं. वेगात असताना हे झालं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून पट्टी किंवा तिचा बोल्ट जागेवर नसेल तर ती गाडी चालवत मेकॅनिककडंही नेऊ नका. पिन हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते. जुनी पिन सरळ करून परत वापरण्यापेक्षा नवी घाला, कारण एकदा वाकवून सरळ केलेली तार पुन्हा वाकवली की तुटते.

मग एक्सलचा नट आणि त्याची पिन. मग रॉडचं मागचं टोक: स्प्रिंग आहे, आर्मच्या भोकात गोल पिन आहे, नट आहे. ही गोल पिन चाक काढताना निसटून मातीत पडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ती नसली की नटाला बसायला नीट जागाच राहत नाही.

तपासायला फार काही लागत नाही. एक्सलच्या नटाला बसणारा पाना, दुसऱ्या टोकाला धरायला आणखी एक, रॉडच्या नटाला बहुधा 14 नंबरचा, एक पक्कड, मोजपट्टी आणि स्वच्छ फडकं.

चाक जड फिरतंय, ब्रेक घासतोय

टायर बदलल्यावर सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच. गाडी ढकलताना जड लागते, पिकअप कमी होतो, अॅव्हरेज घसरतो, चार-पाच किलोमीटरनंतर हब गरम होतो.

चाक हातानं फिरवा. चेनचा थोडा अडथळा असतोच, तरी एक जोरदार फिरकी दिली की चाकानं एक-दोन फेरे सहज मारायला हवेत. हात काढताच थांबत असेल तर पुढच्या तीन पायऱ्या याच क्रमानं करा. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरीला एक कारण बाद होतं.

पहिली पायरी: रॉडचा नट बराच सैल करा, पण रॉडवरून काढू नका. आर्म हातानं मागं ढकलून बघा, तो सैल हलतोय ना. आता चाक फिरवा. मोकळं फिरलं तर दोष रॉडच्या ताणात होता आणि तुमचं काम जवळजवळ झालं. आर्म स्वतःहून मागं येत नसेल तर रॉडवरची स्प्रिंग राहिली आहे किंवा कॅम गंजून आखडलाय. कॅम आखडला असेल तर प्लेट उघडून त्याच्या दांड्याला अगदी थोडं, जास्त उष्णता सोसणारं ग्रीस लावावं लागतं. ते नवशिक्यानं पहिल्यांदा एखाद्या जाणत्यासमोर करावं.

दुसरी पायरी: रॉड सैल असूनही चाक जाम असेल तर एक्सलचा नट दोन फेरे सैल करा. आता चाक मोकळं फिरलं आणि परत आवळल्यावर पुन्हा जाम झालं, तर बुशांची गडबड आहे. एक्सलवर ज्या नळ्या आणि वायसर असतात त्यांची लांबी मोजून ठरवलेली असते. एक बुश राहिला, दोन्हीकडचे अदलाबदल झाले किंवा चाक स्प्रॉकेटकडच्या रबरांवर पूर्ण बसलं नाही, तर नट आवळताना ब्रेक प्लेट हबवर दाबली जाते. प्लेटची कड हबच्या कडेला घासून चमकलेली दिसली तर खात्रीच झाली. चाक परत काढा आणि बुश गाडीच्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघा. टायर बदलायला देण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढलेले असले तर हा प्रश्न मिनिटात सुटतो. मी आता प्रत्येक वेळी काढतो.

तिसरी पायरी: दोन्ही सैल असतानाही जड असेल तर ब्रेकचा पिच्छा सोडा. चेन फार ताणलेली आहे का बघा. नवा टायर आधीपेक्षा रुंद घेतला असेल तर तो टॉर्क पट्टीला, चेन कव्हरला किंवा मडगार्डच्या आतल्या बोल्टला घासतोय का बघा. टायरच्या बाजूवर एक गुळगुळीत रेघ उठलेली दिसते. अशा वेळी लोक ब्रेक उघडतात आणि आवाज तसाच राहतो.

मग नीट बसवायचं कसं

इथं क्रमच सगळं काही आहे: आधी चेन, मग एक्सल, शेवटी ब्रेक. उलट केलं तर प्रत्येक वेळी आधीचं काम बिघडतं.

चेन खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या मधोमध बोटानं वर-खाली करा. 100 ते 125 सीसीच्या बहुतेक गाड्यांत ती 20 ते 30 मिमी हलायला हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. चाक थोडं-थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडं सारखी ताणलेली नसते. जिथं सगळ्यात घट्ट लागेल तिथलं माप धरा. चिमट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणांवर अॅडजस्टर सारख्याच रेघेवर हवेत, नाहीतर चाक तिरकं बसतं.

आता एक्सल आवळताना एक गोष्ट करा, जी घाईत बहुतेक ठिकाणी राहून जाते. एक्सलचा आणि टॉर्क पट्टीचा नट हातानं आवळता येईल एवढाच ठेवा. मग कुणाला तरी ब्रेकचं पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि ते दाबलेलं असतानाच एक्सलचा नट पान्यानं आवळा. पेडल दाबल्यावर दोन्ही शू ड्रमला टेकतात आणि प्लेट स्वतःहून ड्रमच्या बरोब्बर मध्ये येऊन बसते. तसं न करता आवळलं तर प्लेट जराशी एका बाजूला राहते, एकच शू घासतो, पेडल मऊ लागतं आणि ब्रेक अर्धाच लागल्यासारखा वाटतो. नवे लायनर घालूनही ब्रेक येत नाही अशा कितीतरी गाड्या एवढं केल्यावर सुधारलेल्या मी बघितल्यात. एकटेच असाल तर पेडलला दोरी बांधून ती खालच्या फुटरेस्टच्या नळीशी ताणून अडकवा. मग टॉर्क पट्टीचा नट आवळा, दोन्हीकडच्या पिना घाला.

शेवटी रॉड. नट हातानं फिरवत आणा आणि पेडलला मोकळी चाल किती आहे ते मोजा. मोकळी चाल म्हणजे पेडलचं टोक वरून खाली येताना ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंतचं अंतर. बहुतेक ड्रम ब्रेकच्या गाड्यांना ते 20 ते 30 मिमी, म्हणजे दीड-दोन बोटं लागतं. मोजपट्टी पेडलच्या टोकाशी उभी धरा, हातानं पेडल दाबा आणि जिथं घट्टपणा जाणवेल तो आकडा वाचा. नट आवळला की चाल कमी होते, सैल केला की वाढते.

नटाकडं नीट बघितलं तर त्याच्या एका तोंडाला अर्धगोल खाच दिसेल. ती खाच आर्ममधल्या गोल पिनेवर बसायला हवी. नट अर्धा-अर्धा फेरा फिरवला की तो त्या पिनेवर खटकन बसतो. मध्येच तिरका सोडला तर सध्या चाल बरोबर दिसेल, पण पहिल्याच जोरदार ब्रेकला नट खाचेत उतरेल आणि तुम्ही लावलेलं माप बदलेल. म्हणून नट लावून झाला की पेडल चार-पाच वेळा जोरात दाबा आणि मोकळी चाल पुन्हा मोजा.

यानंतर ब्रेक लाइट. पेडलला स्प्रिंगनं जोडलेला एक छोटा स्विच उजव्या बाजूला आत असतो. पेडलची जागा हलली की याचंही माप हलतं. पेडल सोडल्यावर दिवा विझतो का आणि ब्रेक लागायला सुरुवात होताच पेटतो का ते बघा. दिवा सतत पेटलेला राहत असेल तर एकतर स्विच लावायचाय किंवा पेडल अजून पूर्ण वर येत नाहीये. स्विच लावताना त्याचा प्लास्टिकचा नट फिरवा, स्विचचं अंग पकडून फिरवू नका. आतली वायर पिळली जाते.

तुमची गाडी एप्रिल 2019 नंतरची आणि 125 सीसीपर्यंतची असेल तर तिला बहुधा कंबाइंड ब्रेक असेल, कारण तेव्हापासून अशा नव्या गाड्यांना तो किंवा एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक झालं. यात मागचं पेडल दाबलं की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. मागची चाल लावल्यावर पुढचं चाक उचलून फिरवून बघा. पेडल मोकळं असताना ते अडत असेल तर पुढं जाणारी केबलही ताणली गेली आहे. ती पुस्तकात दिलेल्या मापानं लावायची, अंदाजानं नाही.

ब्रेक लागतच नाही

पेडल खोल जातं आणि ब्रेक लागत नाही, तर आधी रॉडचा नट बघा. चाक काढताना तो सैल केला आणि बसवताना परत आवळला नाही, एवढंच बहुतेक वेळा निघतं. आवळत-आवळत नट रॉडच्या आट्यांच्या शेवटाला पोचला तरी ब्रेक येत नसेल तर लायनर खरंच संपलेत. प्लेटवर एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत पोचला तर शू बदलायचे. आणखी एक शक्यता: कुणीतरी आर्म कॅमवरून काढला असेल आणि एक दात पुढं-मागं बसवला असेल. आर्म आणि कॅम या दोघांवरही ठिपक्याची खूण असते. ते ठिपके समोरासमोर हवेत.

पेडल घट्ट आहे, चाल बरोबर आहे, तरी गाडी थांबत नाही, ही वेगळी गोष्ट. इथं लायनरला काहीतरी लागलंय. टायर रिमवर चढवताना साबणाचं पाणी किंवा टायरचं क्रीम लावतात, ते ड्रममध्ये उतरू शकतं. एक्सलला ग्रीस लावलेला हात लायनरला लागतो. चाक ब्रेकच्या बाजूनं मातीत ठेवलं असेल तर ड्रममध्ये वाळू जाते आणि ब्रेक दाबला की खरखर ऐकू येते.

प्लेट बाहेर काढून लायनर बघा. वर चमक आली असेल किंवा साबण लागला असेल तर साधारण 100 नंबरच्या पॉलिश पेपरनं गोल-गोल घासून तो थर काढा आणि ड्रमची आतली बाजू ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्यानं पुसा. तेल किंवा ग्रीस लायनरमध्ये मुरलं असेल तर घासून उपयोग नाही. गरम झाला की तेल परत वर येतं. तेव्हा शूंची जोडीच बदला. रॉकेल, डिझेल वापरू नका, त्यांचा तेलकट थर मागं राहतो. आणि काहीही झालं तरी ड्रममधली धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं टिपून काढा.

उलट तक्रारही येते: ब्रेक जास्तच तेज झाला, जरा दाबला की मागचं चाक घसरतं. यात पुष्कळदा ब्रेक बरोबर असतो आणि टायर नवा असतो. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, रस्त्याला धरायला त्याला वेळ लागतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर, आणि त्यात पाऊस असेल तर जास्तच, पाय हलका ठेवा. ब्रेक सैल करून हा प्रश्न सोडवू नका.

मागं डिस्क असेल तर

पल्सर 220 सारख्या गाड्यांना मागंही डिस्क असते. इथं रॉड नाही, त्यामुळं चेन ताणून ब्रेक आखडत नाही. पण एक चूक हमखास होते. चाक बाहेर असताना कुणीतरी, बहुतेक वेळा बघायला उभं असलेलं पोर, ब्रेकचं पेडल दाबतं. मध्ये डिस्क नसल्यामुळं पिस्टन डिस्कला दोन्हीकडून पकडणाऱ्या पॅडना पुढं ढकलतो आणि मग चाक बसवताना डिस्क दोन पॅडच्या मध्ये जातच नाही. तेव्हा जोर लावून चाक ठोकू नका. ऑइलच्या डबीचं झाकण उघडा, एक लाकडी पट्टी पॅडच्या मध्ये घालून हळू दाब देत पिस्टन मागं ढकला आणि डबीतलं ऑइल वर येऊन सांडत नाही ना याकडं लक्ष ठेवा. हे ऑइल रंग खातं. टाकीवर, चिमट्यावर पडलं तर लगेच पाण्यानं धुवा. भरायची वेळ आली तर झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच भरा, बहुधा डॉट 3 किंवा डॉट 4. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

चाक बसल्यावर पेडल रिकामं जातं, त्याला घाबरू नका. दहा-बारा वेळा दाबा, पॅड डिस्कपर्यंत येतील आणि पेडल घट्ट होईल. ते झाल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. हे विसरून बाहेर पडणारा पहिल्याच चौकात ब्रेक शोधतो. एवढं करूनही पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, ब्लीडिंग करून घ्या, म्हणजे ती हवा काढून घ्या.

डिस्क घासत असेल तर कॅलिपरचं, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाचं, ब्रॅकेट चिमट्यावरच्या खाचेत नीट बसलंय का बघा, आणि दोन्हीकडचे बुश अदलाबदल झालेत का बघा. लांबी वेगळी असेल तर डिस्क कॅलिपरच्या मध्यावरून हटते. पेडल पायाखाली लयीत थडथडत असेल तर टायर काढताना चाक डिस्कच्या बाजूवर ठेवलं गेलं असेल आणि डिस्क वाकली असेल. एबीएसची गाडी असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर ताणली किंवा चेपली नाही ना ते पाहा. गाडी थोडी चालल्यावरही एबीएसचा पिवळा दिवा विझत नसेल तर सेन्सरकडं बघा.

चालवून बघणं

सगळं लावून झालं की आधी गाडी बंद ठेवून ढकलत न्या आणि मागचा ब्रेक दाबा. थांबायला हवी. मग मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगानं, फक्त मागच्या ब्रेकनं दोन-चार वेळा थांबवा. मग 20-30 च्या वेगात. पुढच्या ब्रेकवर बोटं तयार ठेवा. नंतर दोन-तीन किलोमीटर सरळ रस्त्यावर जा, शक्यतो मागचा ब्रेक न वापरता, आणि उतरून हबवर पाण्याचे दोन थेंब टाका. हात लावू नका. थेंब तसाच राहिला किंवा हळू ओघळला तर ठीक. चरचरला तर ब्रेक अजून घासतोय, पहिल्या पायरीपासून परत सुरू करा.

रस्त्यातच असं कळलं तर गाडी बाजूला घ्या आणि हब आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाण्याची बाटली ओतू नका. एकदम गार झालेला धातू वाकडा होतो, कधी तडकतो. ड्रम असेल तर रॉडचा नट दोन-तीन फेरे सैल करा, पुढच्या ब्रेकवर भिस्त ठेवून हळू गावापर्यंत पोचा. घाट उतरायचा असेल तर तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, आणि मागं कुणी बसलेलं असेल तर त्याला दुसऱ्या गाडीनं पाठवा.

पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर एकदा परत बसा: एक्सलचा नट, टॉर्क पट्टीचे दोन्ही बोल्ट, तिन्ही-चारी पिना, पेडलची चाल, चेन. नवा बसवलेला एक्सल आणि हललेले अॅडजस्टर एवढ्या अंतरात जरासे जागेवर बसतात, आणि तेव्हा रॉडचा नट अर्धा फेरा इकडं-तिकडं करावा लागतो.